दिरांच्या फर्मचं बिल आणि तुमची सही

प्रश्न : मी पुणे महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहे. बदली होऊन आले तेव्हा ड्रेनेज लाईनचं एक काम आधीच सुरू होतं. त्या ठेकेदार फर्ममध्ये माझे सख्खे दीर भागीदार आहेत. पहिल्या रनिंग बिलाचं (काम चालू असताना झालेल्या भागाचं बिल) मोजमाप मीच घेतलं. साहेब तोंडी म्हणाले, ‘काम चोख आहे ना, मग काही होत नाही.’ फर्मच्या बँक कर्जाला माझे पती जामीन आहेत. फर्मची गाडीही अधूनमधून आम्ही वापरतो. आता दुसरं बिल आलंय. काय करू?

उत्तर : दुसऱ्या बिलाला हात लावू नका. टेंडर तुम्ही दिलेलं नाही आणि काम चोख आहे, हे मी धरूनच चालतो. तरीही सही तुमची नको.

जामीनकीचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरी अडचण तिथेच आहे. बिल रखडलं आणि फर्मचे हप्ते थकले, तर बँक तुमच्या पतींकडे वसुलीला येणार. म्हणजे एम.बी.त (मोजमाप पुस्तकात) तुम्ही लिहाल त्या प्रत्येक मीटरशी तुमच्या घरचा पैसा बांधलेला आहे. महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती पालिकेच्या नोकरीला अपात्र ठरते. पतींची जामीनकी म्हणजे तुमचा हितसंबंध नव्हे, असं मी तुमच्या बाजूने नक्की मांडेन. पण ते खातेनिहाय चौकशीत मांडायची वेळ तुमच्यावर येऊच नये. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांतला नियम 4 तर सरळच सांगतो : कुटुंबीयांचा हितसंबंध असेल तर ते प्रकरण स्वतः हाताळायचं नाही, वरिष्ठांकडे सोपवायचं. तुमच्या सेवाविनियमांत याबाबत काय तरतूद आहे, ते आस्थापना विभागातून प्रत घेऊन वाचा.

साहेबांच्या तोंडी होकाराला किंमत नाही. उद्या तक्रार झाली तर ते वाक्य त्यांना आठवेलच असं नाही. कार्यकारी अभियंत्यांना लेखी अर्ज द्या, खातेप्रमुखांना प्रत द्या. नातं लिहा, जामीनकी लिहा, पहिलं मोजमाप आपण घेतलंय हेही लिहा आणि त्याची फेरमोजणी दुसऱ्या अभियंत्याकडून करून घ्यावी, असं स्वतःहून म्हणा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एम.बी.तल्या जुन्या नोंदीत मात्र खाडाखोड अजिबात नको. माहिती अधिकारात तिची प्रत कुणीही मागू शकतो, आणि चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही तिथे लपवाछपवीच वाटते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. याच टेंडरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या ठेकेदाराचं काम तुमच्या हद्दीत असेल, तर तेही अर्जात नमूद करा. क्रैपाक खटल्यात (1969) निवड मंडळावरचे एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाच्या वेळी ते बाजूला झाले, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा करायला बसले. सर्वोच्च न्यायालयाने ती निवडच रद्द केली. तुम्ही दिरांची फाइल सोडलीत आणि त्यांच्या स्पर्धकाला दंडाची नोटीस काढलीत, तर तो हाच मुद्दा काढेल, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

गाडी आजच परत करा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये, आपल्या कामाशी संबंध असलेल्या माणसाकडून मोबदला न देता लाभ घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. नातं आहे म्हणून त्यातून आपोआप सूट मिळत नाही.

घरात यावरून कुरबूर होईल, याची मला कल्पना आहे. दिरांना एवढंच सांगा की बिल थांबवलेलं नाही, मोजणारा माणूस बदलतोय. अंदाजपत्रक, शेरे, फाइल कुठल्या टेबलावर आहे, यातलं काहीही घरी बोलू नका. जामीनपत्राची प्रत बँकेतून आणून अर्जाला जोडा. लेखी आदेश हातात पडेपर्यंत त्या साइटवर जाऊ नका.