अपडेटनंतर थंडरबर्डऐवजी आउटलुक का उघडते?

प्रश्न : विंडोज ११ अपडेट झाल्यापासून वेबसाइटवरच्या ई-मेल पत्त्यावर क्लिक केले की थंडरबर्ड या माझ्या मेल प्रोग्रॅमऐवजी आउटलुक उघडते. जुन्या मेल गेल्या का? पूर्ववत कसे करायचे?

उत्तर : मेल कुठेही गेलेल्या नाहीत. थंडरबर्ड थेट उघडून पाहा, सगळे जागच्या जागी असेल. बदलली आहे ती फक्त विंडोजची नोंद : 'मेलटू' (mailto) प्रकारची, म्हणजे ई-मेल पत्त्याची, लिंक कोणत्या प्रोग्रॅमकडे द्यायची, एवढीच. म्हणून घाईने आउटलुकमध्ये नवे खाते जोडू नका आणि थंडरबर्ड तर मुळीच काढून टाकू नका.

सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स असे जा. वरच्या शोधचौकटीत इंग्रजीत मेलटू टाइप करा. खाली आउटलुक दिसेल. त्यावर क्लिक करून थंडरबर्ड निवडा आणि 'सेट डीफॉल्ट' दाबा. बहुतेक जण इथेच थांबतात. पण डिस्कवर साठवलेल्या मेलसाठी वेगळी नोंद असते. त्याच चौकटीत डॉट ईएमएल (.eml) टाइप करून तीही बदला.

यादीत थंडरबर्डच नसेल, तर त्याची विंडोजमधली नोंदणी बिघडली आहे. त्याच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर घेऊन आहे त्यावरच पुन्हा चालवा. मेल वेगळ्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही. तरी आधी त्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्याच.

लिंक क्रोममध्ये जीमेल उघडत असेल, तर डीफॉल्ट म्हणून क्रोम निवडला गेला असू शकतो. तसे असल्यास उपाय तोच. मात्र क्रोममध्येच जीमेलला अशा लिंक उघडण्याची परवानगी दिलेली असेल, तर ती क्रोमच्या सेटिंग्जमधून काढा. डीफॉल्ट परस्पर बदलून देणारी फुकट 'रिपेअर' साधने मात्र टाळा : ही निवड विंडोज पडताळणी-संकेतासह साठवते, आणि तो जुळला नाही की निवड पुन्हा रद्द होते.