लाइम रोगाचा चट्टा जिवाणूच्या प्रजातीनुसार वेगळा दिसतो का?

हो, सरासरीने फरक दिसतो. (लाइम हा गोचीड चावल्याने होणारा, बोरेलिया जिवाणूंचा आजार.) अमेरिकेतल्या बोरेलिया बर्गडॉर्फेरीचा चट्टा झपाट्याने पसरतो, बहुधा सगळीकडे सारखाच लाल राहतो आणि सोबत ताप, अंगदुखी जास्त असते. युरोपातल्या बोरेलिया अफ्झेलीचा चट्टा सावकाश वाढतो, मधोमध फिकट होऊन कडं उरतं. काही वर्षांनी हातापायांची त्वचा निळसर-लाल होऊन कागदासारखी पातळ पडते, तो प्रकारही मुख्यतः हिचाच. बोरेलियाची आणखी एक प्रजाती गारिनी, तिचा चट्टा अफ्झेलीच्या चट्ट्यापेक्षा वेगाने पसरतो. अमेरिकेतली मेयोनी ही प्रजाती (वर्णन २०१६ चं) मात्र विखुरलेले ठिपकेही उठवते. बर्गडॉर्फेरी आणि अफ्झेलीच्या चट्ट्यांतला फरक दोन्ही खंडांतल्या रुग्णांच्या तुलनेतून दिसला. पण एकट्या रुग्णाचा चट्टा पाहून प्रजाती सांगता येत नाही, आणि चट्ट्यावरची प्रतिजैविकं तशीही तीच.