आकाश निरभ्र असूनही दोन छोटी विमानं धडकण्याइतकी जवळ कशी येतात? समोरचं विमान दिसत नाही का?

बहुतेकदा खरंच दिसत नाही, कारण टकरीच्या मार्गावर असलेलं विमान काचेत एकाच जागी स्थिर ठिपक्यासारखं राहतं आणि आपली नजर हालचाल टिपते, स्थिर ठिपका नाही. तो मोठा होऊ लागतो तेव्हा हातात काही सेकंदच उरतात. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या मार्गदर्शक तक्त्यानुसार दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे 12.5 सेकंद लागतात. त्यातली 5 सेकंद तर ‘हे आपल्याच अंगावर येतंय’ हे उमगण्यातच जातात. समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी 120 नॉट (ताशी सुमारे 220 किलोमीटर) वेगात असली, तर तेवढ्या वेळात त्यांच्यातलं दीड किलोमीटर अंतर संपतं! शिवाय पंख, खिडकीची चौकट आड येते ती वेगळीच. 8 ऑगस्ट 2009 ला न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर छोटं पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर भर दुपारी, स्वच्छ उजेडात धडकलं आणि नऊ जण गेले. त्यानंतर तिथेच फिरणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी आणि नुसतं पार जाणाऱ्यांसाठी वेगवेगळी उंची ठरवून दिली. माझ्या मते नुसत्या ‘डोळे उघडे ठेवा’पेक्षा असे नियम कितीतरी जास्त जीव वाचवतात.

एक मात्र लक्षात घ्या: आता एडीएस-बीमुळे, म्हणजे विमानाची जागा रेडिओ लहरींनी सतत कळवणाऱ्या यंत्रामुळे, आसपासची विमानं पडद्यावर दिसतात, पण ज्या विमानात ते यंत्र नाही, ते पडद्यावर येईलच असं नाही. तिथे नजर आणि रेडिओ यांवरच भिस्त.