सिस्टरना विचारा : ‘झोपू दे, सकाळी उतरेल’

प्रश्न : सिस्टर, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कर्वेनगरला आम्ही चौघं फ्लॅट घेऊन राहतो. मागच्या रविवारी एकाच्या वाढदिवसाला बसलो होतो. सोबत एक ज्युनिअर होता, अठरा वर्षांचा, परभणीकडचा, पहिल्यांदाच पीत होता. ‘एका दमात संपवलीस तर मानलं तुला,’ असं कुणीतरी म्हणालं आणि त्याने स्टीलचा पेलाभर व्हिस्की पाणी न घालता मारली. अर्ध्या तासात आउट. आम्ही त्याला शॉवरखाली धरलं, लिंबूपाणी पाजलं, गादीवर टाकलं आणि बाहेरून कडी लावली. रात्री तीनला मी पाणी प्यायला उठलो तर आतून घुरघुर ऐकू आली. तो उताणा, तोंडात उलटी. मी त्याला कुशीवर वळवलं. सकाळी ठणठणीत, पण त्याला काहीच आठवत नव्हतं. आता सगळे त्याला ‘टँकर’ म्हणतात, ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय आणि गटारीला परत बसायचं ठरलंय. मी उगाच टेन्शन घेतो, असं मित्र म्हणतात. खरंच एवढं धोक्याचं होतं का? त्याच्या घरी सांगू का? (नाव छापू नये.)

उत्तर : तुला तहान लागली म्हणून तो पोरगा आज टँकर म्हणवून घ्यायला जिवंत आहे. टेन्शन उगाच नाही.

मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत. एकदा सकाळी सातला तीन पोरांनी चौथ्याला रिक्षातून आणलं. अंगावर चादर, पाय थंडगार. डॉक्टर तपासत होते तेव्हा एकजण मला समजावत होता, ‘सिस्टर, आम्ही नीट काळजी घेतली होती. उशाशी बादली ठेवली होती, त्यात डेटॉल पण टाकलं होतं.’ बादलीत उलटी करायला माणूस उठावा लागतो. तो उठलाच नव्हता. ती बादली मी कधी पाहिली नाही, पण अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता तुझ्या पेल्याचा हिशेब. आपल्याकडची व्हिस्की बहुतेक 42.8 टक्क्यांची. 30 मिलीच्या एका पेगात साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एका बैठकीत 60 ग्रॅम गेलं की जागतिक आरोग्य संघटना ते अति पिणं धरते. 60 ग्रॅम म्हणजे किती? एक क्वार्टर, म्हणजे 180 मिलीची बाटली. तुम्ही पोरं जिला किरकोळीत काढता ती. (आणि ‘बियरच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी : 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या 650 मिलीच्या एका बाटलीत असे चार पेग बसतात.) स्टीलचा पेला 200 मिलीचा धरला, तर त्या पोराने सहा-सात पेग एका दमात पोटात ओतले. लिव्हर तासाला जेमतेम एक पेग निस्तरतं. तुम्ही कडी लावलीत तेव्हा बरीचशी दारू पोटातच होती, रक्तात अजून उतरत होती. म्हणजे तुम्हाला वाटत होतं त्याची उतरतेय, आणि त्याला चढतच होती. शॉवर, लिंबू, कॉफी, ताक यांतल्या कशानेही लिव्हर धावत सुटत नाही. उलट गार पाण्याने अंग आणखी थंड पडतं, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात ओतलेलं लिंबूपाणी सरळ छातीत जाऊ शकतं.

दारू जास्त झाली की ठसका लागणंच बंद होतं. मग उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत उतरते. शिवाय उपाशीपोटी प्यायलं की रक्तातली साखर घसरते. रविवारी रात्री मेस बंद असते ना? चकण्याच्या शेंगदाण्यांवर बसला असाल.

तुमच्या बैठकांची मला एक गंमत वाटते. कॉन्ट्री काढून खंबा, म्हणजे मोठी बाटली, आणायचा. तो रूमवर उरवायचा नाही, कारण मालक कधीही टपकतो. म्हणून उघडला की संपवायचाच. शेवटचे दोन पेग कुणालाच नको असतात, ते सगळ्यात गरीब गायीच्या गळ्यात जातात. तुमच्याकडे ती गाय परभणीची होती.

पुन्हा असं झालं तर आधी हाक मारा, खांद्याला जोरात चिमटा काढा. डोळे उघडत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर 108 लावा. वाट बघू नका, गुगल करू नका. गाडी येईपर्यंत त्याला डाव्या कुशीवर ठेवा, वरचा गुडघा दुमडून, हात गालाखाली, आणि एकाने शेजारी बसून राहायचं. कडी नाही. तोंडात बोटं घालून उलटी काढायची नाही.

आणि डॉक्टरांना खरं सांगायचं. मी ‘पावभाजी बाधली’ असं ऐकून ऐकून थकले. महाराष्ट्रात बियरला वयाची अट 21, व्हिस्की-रमला 25, त्यामुळे तुम्हाला पोलिसांची भीती, घरमालकाची भीती, वडिलांची तर विचारूच नका. नोंद होईलही कदाचित, प्रश्न विचारले जातील. विचारू देत. किती प्यायला, कधी प्यायला, बरोबर कुठली गोळी घेतली का, एवढं कळलं तर उपचार वेळेत होतात.

‘काहीच आठवत नाही’ याला हसू नका. तो झोपल्यामुळे विसरलेला नाही. मेंदूने त्या तासांची नोंदच केली नाही. बोलत, चालत असतानाही असं होतं. अशा अवस्थेत पोरं गाडीला किल्ली लावतात.

घरी सांगायचं का? लगेच नको. आधी त्याला दिवसा एकट्याला गाठ, चहाला ने, आणि तीन वाजता तू काय ऐकलंस, काय पाहिलंस ते जसंच्या तसं सांग. त्याला ते माहीतच नाही. त्याच्याकडे फक्त व्हिडिओ आहे, आणि त्यात तो हिरो आहे. एका रात्रीने कुणी दारुडा होत नाही. पण तो दर आठवड्याला बसायला लागला, थांबता येईना, तर घरच्यांना कळायलाच हवं. पुण्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं. तिथे असलं बोलणं रोजचं आहे, कुणी दचकत नाही.

व्हिडिओ आजच काढायला लाव. ग्रुपचा अॅडमिन कोण आहे ते तू लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज तुझ्यावरच आहे.