नवा बेस, ज्येष्ठता कुठली?

प्रश्न : आमची विमान कंपनी नव्या शहरात बेस (वैमानिकांची ड्युटी जिथून सुरू होते ते ठाणं) उघडतेय. वैमानिकाने बदली घेतली तर ज्येष्ठता आणि पगाराचं काय होतं?

उत्तर : ज्येष्ठता नोकरीत रुजू झाल्यापासून की नव्या बेसवर हजर झाल्यापासून, हे आधी लेखी घ्या. कमांडची, म्हणजे कॅप्टनपदाची बढती त्यावरच अडते. एअर इंडियात इंडियन एअरलाइन्सबरोबरच्या २००७ च्या विलीनीकरणानंतरचा ज्येष्ठतेचा असाच तिढा ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानाच्या प्रशिक्षणावरून चिघळला; वैमानिकांचा २०१२ चा संप ५८ दिवस चालला. पगारातली खरी मेख भत्त्यांत. कालपर्यंत जिथे हॉटेल आणि मुक्कामाचा भत्ता मिळायचा, तेच शहर बेस झालं की सहसा दोन्ही बंद! शिवाय सुरुवातीला उड्डाणं कमी, म्हणून हमीचे तास (उड्डाण कमी झालं तरी ज्यांचा पगार मिळतोच ते) किती ते पाहा. ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर सही नको.