वायफायच्या काड्या भरलेल्या, तरी नेट नाही

प्रश्न : यजमान घरीच, तळमजल्यावर, हिशेबाचं ऑफिस चालवतात. तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. टॅलीचा डेटा एका मशीनवर आहे, बाकीची दोन त्यावरूनच काम करतात. नेट गेलं की ऑफिसातली मुलं म्हणतात, ‘आता टॅलीही चालणार नाही.’ मोबाइलवर वायफायच्या काड्या मात्र पूर्ण दिसतात. खरं काय समजायचं?
— एक वाचक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, मुलांना चहाची सुट्टी हवी असेल तर गोष्ट वेगळी, पण शेजारच्या मशीनवरचा डेटा उघडायला इंटरनेट लागत नाही. जीएसटीच्या पोर्टलला लागतं, मेलला लागतं. टॅलीत व्हाउचर भरायला नाही.

तुमच्याकडे खरं तर दोन नेटवर्क आहेत. पहिलं तुमचं स्वतःचं : तीन मशीन, प्रिंटर, मोबाइल आणि त्यांना जोडणारा राउटर. हे झालं लॅन. दुसरं राउटरच्या पलीकडे सुरू होतं. खांबावरून आलेली फायबर, कंपनीचं केंद्र, तिथून पुढे मुंबई आणि सगळं जग. जातं ते हे दुसरं. काड्या दाखवतात ती फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यामधली रेंज. राउटरला पुढून काही मिळतंय की नाही, याचा काड्यांशी संबंध नाही.

मग टॅली का अडतं? अशा ऑफिसात गेलो की मी आधी विचारतो, नेट गेल्यावर राउटरचं बटण कोण बंद-चालू करतं? कोणीतरी करत असतंच. त्या एका डब्यात तीन वस्तू असतात : बाहेरच्या जगाशी बोलणारा राउटर, वायफाय, आणि मागे तारा खोचायला दिलेला छोटा स्विच, म्हणजे बटण नव्हे, तारेने आलेली मशीन एकमेकांशी जोडणारा भाग. डबा बंद केला की स्विचही बंद. तिन्ही मशीन एकमेकांपासून तुटतात आणि भरत असलेलं व्हाउचर मध्येच लटकतं. म्हणजे नेट कंपनीचं गेलं आणि टॅली आपण पाडलं! आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घ्या. मशीन आणि प्रिंटर तारेने त्यात जोडा आणि त्यातून एकच तार राउटरकडे न्या. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, ऑफिसचं काम सुरू राहील.

नेटवाल्याला फोन लावला की तो म्हणणार, ‘भिया, इधर से तो चालू है.’ त्याच्याशी हुज्जत घालण्याआधी एवढं करून पाहा. विंडोजमध्ये सीएमडी, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडून ‘पिंग’ लिहा आणि पुढे राउटरचा पत्ता द्या. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर आलं तर तुमचं लॅन ठणठणीत. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या एका पत्त्याला, पिंग करा. इथे उत्तर नाही आलं तर घोटाळा बाहेरच्या लाइनीत आहे. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. कुठेतरी तुटली किंवा दुमडली असणार. दोन्हीकडून उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडकली आहे. हे तिन्ही निकाल नेटवाल्याला सांगितलेत की त्याचा सूर लगेच बदलतो.

आणि हो, १९२.१६८.१.१ हा पत्ता इंदुरातल्या हजारो घरांत असतो. ‘वरची खोली’ म्हटलं की घरातल्यांना कळतं, पोस्टमनला नाही. तसेच हे पत्ते घरापुरते राखून ठेवलेले आहेत. बाहेर पडताना राउटर त्यांच्या जागी कंपनीने दिलेला पत्ता लावतो.

प्रश्न : मी बीसीएला आहे. लॅन, मॅन, वॅन यांतला फरक पुस्तकात अंतरावरून दिलाय : इमारत, शहर, देश. एवढंच लिहिलं तर चालेल का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : पाठ करायला चालेल बेटा, समजायला नाही. मी तार कोणाची ते बघतो. आपल्या खिशातून टाकलेली, आपल्याच आवारातली असेल तर लॅन. तांब्याची इथरनेट केबल एका दमात १०० मीटरपर्यंत धरायची, पुढे मध्ये स्विच नाहीतर फायबर. फोन आणि कानातले बड्स यांच्यातलं ब्लूटूथ त्याहून छोटं, ते पॅन. साधारण दहा मीटरचा मामला.

मॅन शहरभर पसरतं. चौकातल्या सिग्नलवरचे कॅमेरे एका नियंत्रण कक्षाला जोडलेले असतात, ते याचं चांगलं उदाहरण. वॅनमध्ये मधली लाइन बहुतेक वेळा दुसऱ्याची, आपण भाडं भरतो. राजवाड्याजवळच्या बँकेची शाखा मुंबईच्या डेटा सेंटरशी बोलते ती अशाच लाइनीवरून. इंटरनेट म्हणजे असली असंख्य नेटवर्क एकमेकांना जोडून झालेलं सगळ्यांत मोठं जाळं.

अंतराचा परिणाम होतो, पण तो लागणाऱ्या वेळेवर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंतची लाइन ६०० किलोमीटरची धरली, तरी जाऊन-येऊन किमान सहा मिलिसेकंद लागणारच. कितीही पैसे मोजा, ते वाचत नाहीत. लॅनमध्ये तेच काम एका मिलिसेकंदाच्या आत होतं.

थोडा इतिहास लिही, मार्क मिळतील. २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेट या इंटरनेटच्या अमेरिकन पूर्वजावरून लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पहिला संदेश गेला. अंतर साधारण इंदूर-मुंबईइतकंच. ‘लॉगिन’ लिहायचं होतं, ‘एल’ आणि ‘ओ’ पोचले आणि पलीकडची यंत्रणा बसली. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीतर्फे.

मशीन जोडण्याच्या बस, स्टार, रिंग या पद्धतींच्या आकृत्या सुबक काढ, पण आज लॅबमध्ये तुला स्टारच दिसेल : मध्ये स्विच आणि प्रत्येक मशीनला स्वतंत्र तार. जुन्या बसमध्ये सगळ्या लॅबला एकच काळी कोॲक्सिअल केबल असायची, प्रत्येक मशीनमागे इंग्रजी टी आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटरची टोपी. झाडू मारताना ती टोपी निघाली की सगळी लॅब बंद. कुठल्या मशीनमागे काय निघालंय, हे शोधायला टेबलांखाली रांगावं लागे. ज्यांना त्या काळाबद्दल फार जिव्हाळा वाटतो, त्यांनी ते रांगणं केलेलं नसतं.

प्रश्न : प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. खाली राउटरजवळ वायफायवर पूर्ण वेग मिळतो, पण मुलाने तिसऱ्या मजल्यावर ओढून घेतलेल्या तारेवर ९४ च्या वर जात नाही. कंपनी फसवतेय का?
— एक ज्येष्ठ वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाही काका, खाली पूर्ण मिळतोय ना, मग कंपनी सुटली. ९४ हा आकडा पाहिला की मला तार तपासाविशी वाटते. केबलमध्ये आठ वायर, चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक जरी नीट बसली नसेल तरी दोन्ही बाजू गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

मुलाला विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघायला सांगा. तिथे १०० असेल तर दोन्ही टोकांचे आरजे-४५, म्हणजे प्लास्टिकचे जॅक, कापून नवे क्रिंप करून (दाबून बसवून) घ्या. क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू द्यायचा नाही, आणि केबलचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलंच पाहिजे. नाहीतर सगळा ताण बारीक वायरींवर येतो. एवढं करूनही १०० च राहिलं तर राउटरचा तो पोर्टच १०० चा आहे का ते पाहा, स्वस्त डब्यांत असतो.

टोक कापलंच आहे तर एक वायर ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. तशी असेल तर जॅक बदलण्यावर पैसे घालू नका, तिन्ही मजल्यांची तार शुद्ध तांब्याची नवी ओढा.