उत्तर: जुन्या रायफलला रिब्लू करून घेऊ का? (लांबलचक आहे, आधीच सांगतो)

तुमची पोस्ट वाचली. जुनी बोल्ट ॲक्शन (हाताने मूठ मागेपुढे करून काडतूस भरायची) शिकारी रायफल, बॅरलवर म्हणजे नळीवर लंडनच्या मेकरचं नाव, निळाई (लोखंडावरचा गंज रोखणारा निळसर काळा थर, तो परत चढवणं म्हणजे रिब्लू) जागोजागी उडालेली, दस्त्यावर म्हणजे मागच्या लाकडावर चरे, आणि किंमत काढणाऱ्या ऑफिसने तुम्हाला सांगितलंय की "आधी जरा तयार करून आणा, मग आकडा सांगू". बाकीच्या प्रश्नांवर इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय, पण हे वाक्य वाचून मला काही राहवेना. लायसन्स, ट्रान्सफर वगैरे तुमचं झालंय असं धरून चालतो, ते नियम प्रत्येक देशाचे वेगळे आणि त्यात मी पडत नाही. आणि मी गनस्मिथ (बंदुका बनवणारा, दुरुस्त करणारा) नाही, जमवणारा आणि वापरणारा साधा माणूस आहे, तेव्हा पटेल तेवढं घ्या.

तयार बियार काही करू नका. सुती कापडाने धूळ पुसा, लोखंडावरून पातळ तेलाचा हात फिरवा आणि थांबा.

माझ्याकडे होती ती .२७५ रिग्बी (लंडनचे जुने बंदूक बनवणारे) काडतुसाची, मॉझर ९८ ॲक्शनवरची, ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि तो बसतो तो लोखंडी सांगाडा. (ते काडतूस आणि ७x५७ मॉझर एकच, त्यामुळे गोळ्या शोधायला त्रास नाही.) निळाई तुमच्यासारखीच गेलेली, बोल्टच्या मुठीपाशी आणि हातात धरतात तिथे राखाडी झालेली. लिलाव करणाऱ्या एका ऑफिसला फोटो पाठवले, नाव घेत नाही. त्यांचा मेल आला की रिफिनिश केल्यास वस्तू आकर्षक दिसेल, बोली चांगली येईल, आणि आमच्या माहितीतलं वर्कशॉप आहे. किंमत ठरवणं हेच ज्यांचं काम ते लेखी सांगतायत म्हटल्यावर माणूस ऐकणारच ना.

वर्कशॉपने ती बफिंगच्या चाकावर घासली आणि गरम ब्लूइंगच्या टाकीत बुडवली. परत आली तेव्हा काळीशार, आरशासारखी. मग खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरली. बॅरलवरच्या पत्त्यातल्या अक्षरांच्या बारीक रेषा गायब, जाड रेषा तेवढ्या उरलेल्या. ॲक्शनच्या ज्या कडा बोटाला टोचायच्या त्या गोल झालेल्या. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा, कारण कापडी चाक भोकात शिरतं आणि कड खातं. एक प्रूफ मार्क (बॅरलची चाचणी झाल्याचा शिक्का) अर्धा पुसलेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या साइटचा रॅम्प (नेम धरायच्या माशीखालचा उतरता तुकडा) अंगठ्याने दाबला तर हलत होता.

तो का हलला ते नीट सांगतो, कारण हे कुठल्याच वर्कशॉपच्या काउंटरवर कोणी सांगत नाही. गरम ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण, साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळतं. जुन्या इंग्लिश रायफलींवर साइटचे रॅम्प, पट्ट्याची कडी हे बरेचदा मऊ सोल्डरने, म्हणजे कथील आणि शिसं, बसवलेलं असतं आणि कॉस्टिक ते सोल्डर खातं. दुनळी रायफलीत तर दोन्ही बॅरलमधली पट्टीच सोल्डरवर असते, ती टाकीत घातली की संपलं. त्यात भर म्हणजे ते क्षार फटीत अडकून राहतात आणि पुढे कितीतरी दिवसांनी पांढरी पूड होऊन बाहेर येतात, तिच्याखाली गंज. माझ्या रॅम्पच्या कडेने तेच झालं. मुळात ह्या रायफली रस्ट ब्लू केलेल्या असायच्या. मुद्दाम गंज आणायचा, पाण्यात उकळायचा, बारीक तारेच्या ब्रशने किंवा स्टील वूलने झाडायचा, मग परत तेच, रंग भरेपर्यंत. वेळखाऊ काम, म्हणून कोणी करायला तयार नसतं.

बरं, मग हीच तयार झालेली रायफल त्याच ऑफिसला दाखवली. त्यांच्या रिपोर्टात ओळ काय, तर "रिफिनिश्ड, मूळ फिनिश नाही, मार्किंग पुसट" आणि आकडा रायफल राखाडी असताना तोंडी सांगितला होता त्याच्या कितीतरी खाली. तुमचाच मेल आहे म्हणून दाखवला तर उत्तर काय, ते प्राथमिक मत होतं, अटींमध्ये लिहिलंय. अटी! कोणाशी बोलायचं विचारलं तर दर वेळी नवीन माणूस, आणि पहिल्यापासून सगळं परत सांगा. वर्कशॉप म्हणालं ग्राहकाने ब्लूइंग मागितलं, आम्ही ब्लूइंग दिलं. दोघंही आपापल्या जागी मोकळे. असो, ह्यावर बोलायला लागलो तर रात्र सरेल.

ह्यातलं जमवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की प्रामाणिक वापराने गेलेली निळाई हा दोष धरतच नाहीत. ती रायफल कोणी छेडलेली नाही ह्याचा पुरावा असतो. धारदार अक्षरं, न खरवडलेले स्क्रू (चांगल्या इंग्लिश कामात स्क्रूच्या खाचा बॅरलच्या रेषेत एका दिशेला असतात, एखादी वाकडी दिसली की कोणीतरी उघडलंय असं समजा), दस्त्यावरच्या चेकरिंगचे (पकडीसाठी कोरलेल्या चौकड्यांचे) मूळ टोकदार हिरे, दस्त्याचा न कापलेला मागचा भाग, जुळणारे नंबर, ह्याला पैसे मिळतात. धक्का झेलणाऱ्या रबरी रिकॉइल पॅडसाठी दस्ता कापला किंवा स्कोपसाठी (दुर्बिणीसाठी) नवीन भोकं पाडली की मूळ स्थिती परत येत नाही. विंचेस्टर मॉडेल ७० चं घ्या, १९३६ ला आलेली, १९६४ ला कंपनीने डिझाइन बदललं म्हणून त्याआधीच्या मागे लोक धावतात, पण जास्तीचं एक भोक दिसलं की तेच लोक पाठ फिरवतात.

कागद मिळत असेल तर तो आधी मिळवा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स ह्यांच्या जुन्या वह्यांमध्ये नंबरवरून नोंद सापडू शकते, कधी बनली, कुठल्या काडतुसाची, कोणाला गेली. जुन्या विंचेस्टरच्या बऱ्याच मॉडेलांसाठी अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडीचं म्युझियम नोंदीचं पत्र देतं. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर भेट मिळालेली रिग्बी आज जी आहे ती तिच्या दस्त्यावरच्या कोरलेल्या पट्टीमुळे आणि मागच्या कागदांमुळे, नाहीतर तसल्याच काडतुसाच्या रायफली आणखी आहेतच की. पण नुसत्या "साहेबाची होती म्हणतात" ला शून्य किंमत, हे माझं मत, रागावू नका.

कस्टमचं, म्हणजे मुद्दाम बनवून घेतलेल्या रायफलीचं, वेगळं. ग्रिफिन अँड हाऊसारखं (अमेरिकेतले नावाजलेले बनवणारे) नाव असेल तर ठीक, नाहीतर कोणीतरी स्वतःच्या खांद्याच्या मापाने बनवून घेतलेली रायफल दुसऱ्याला तेवढी लागू पडत नाही आणि घातलेला पैसा सहसा परत येत नाही. अक्रोडाचं लाकूड कितीही देखणं असो. कस्टम वापरायला घ्यावी, गुंतवणूक म्हणून नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चालवू का. हो, पण बॅरलवर जे लिहिलंय त्यावर भरवसा ठेवून नाही. मधल्या काळात कोणी चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) बदललं असेल तर अक्षरं तीच राहतात. सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून साचा काढतात आणि साधारण तासाभराने मोजतात, तेव्हा तो चेंबरच्या मापाचा असतो. बॅरलमधून मऊ शिशाचा तुकडा हळूच ढकलून त्याचं माप घेतात. हे चोचले नाहीत. ८x५७ चंच बघा, जुन्या बॅरलला .३१८ इंचाची गोळी आणि नंतरच्याला .३२३ ची, काडतूस बघून फरक चटकन कळत नाही आणि मोठी गोळी लहान बॅरलमध्ये गेली तर प्रेशर कुठल्या कुठे जातं. जुन्या एक्सप्रेस रायफली बऱ्याचदा काळ्या दारूच्या असतात, तशीत आजची नायट्रो (धूर न करणाऱ्या दारूची) काडतुसं घालायची नाहीत, बसली तरी. शिवाय हेडस्पेस गेज (बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला किती मोकळी जागा उरते ते तपासणारं माप) लावून बघणारा माणूस गाठा, "बघितलं, ठीक आहे" म्हणणारा नको. आणि १९०३ स्प्रिंगफील्डवर (अमेरिकन लष्करी रायफल) बनवलेली कस्टम मिळाली तर नंबर आधी बघा, स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या खालच्या ॲक्शनांचं हीट ट्रीटमेंट भरवशाचं नव्हतं, मी तर भिंतीवरच ठेवेन.

जुनी क्षारवाली काडतुसं उडवलीत तर नुसत्या तेलाने भागत नाही, त्या प्रायमरचं (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) मीठ बॅरलमध्ये राहतं आणि हवेतला ओलावा ओढतं, ते पाण्यातच विरघळतं. त्याच दिवशी गरम पाणी, कोरडं, मग तेल.

अजून एक, विषय निघालाय म्हणून. चामड्याच्या पेटीत रायफल ठेवू नका, ती दाखवायला ठीक, ओल धरते. आणि भरपूर तेल लावून नळी वर करून उभी ठेवली तर तेल मागे उतरून दस्त्याच्या डोक्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि टँगच्या (ॲक्शनच्या मागच्या लोखंडी शेपटीच्या) मागे चीर जाते, तुमच्या फोटोत ती काळी रेघ दिसतेय ती मला तीच वाटते. नक्की सांगत नाही. ती चीर असेल तर त्यावर आधी काम करून घ्या, रंगावर नाही, कारण धक्का तिथेच बसतो आणि दस्ता फुटायला वेळ लागत नाही.

बॅरल दस्त्यातून काढून खालची बाजू बघायची असेल तर खाचेत अचूक बसणारा, समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या, घरातला निमुळता नको. प्रूफ मार्क बहुतेक तिथे किंवा चेंबरजवळ मिळतील, कधी कधी कॉर्डाइट (जुनी धूर न करणारी दारू) किती आणि गोळी जास्तीत जास्त किती वजनाची हेही कोरलेलं असतं. त्याचे फोटो बाजूने उजेड टाकून काढा आणि इथे टाका, सीरियल नंबर झाकून.